मेजवानींतला उपहास



मी एका खेड्यांतला शाळामास्तर. मराठी ट्रेनिंग कॉलेजांत जी शिदोरी मिळाली तिच्यावर आज वीसएक वर्षें पोरें शिकवीत आहें. विलायतेच्या व अमेरिकेच्या ग्रंथांविषयीं मीं तोंड उघडावें, हें कित्येक विद्वानांस रुचणार नाहीं. परंतु ज्या गोष्टीसंबंधानें लिहीत आहें ती पंगतीची गोष्ट आहे. आणि पंगतींत कोण बसतो, कोण वाढतो व उष्टीं कोण काढतो, हें खेड्यांतल्या माणसास कोणी शिकवावें लागत नाहीं. सबब या मजकुरास आपल्या पत्रांत जागा द्यावी, ही विनंती.

विलायतेंत साहित्यिक भोजनांची एक चाल आहे. सन १९३० सालीं लंडनच्या फॉइल या पुस्तकांच्या दुकानाच्या मालकाची मुलगी ख्रिस्टिना हिनें अशीं भोजनें सुरू केलीं, व आज तीं ठिकठिकाणीं होतात. दोन प्रहरीं तिकिटें काढून मंडळी जमावयाची, बड्या हॉटेलांत काट्याचमच्यांनीं जेवावयाचें, आणि एखाद्या नामांकित ग्रंथकारानें उभें राहून भाषण करावयाचें. यांत वाईट कांहीं नाहीं. ग्रंथकारासही पोट आहे, आणि पुस्तकें खपलीं पाहिजेत. परंतु जेव्हां अशा पंगतीपुढें उभा राहून एखादा कादंबरीकार काळ्या-गोऱ्यांच्या भेदाची टर उडविणाऱ्या कादंबऱ्यांविषयीं बोलूं लागतो, आणि मंडळी तोंडास रुमाल लावून हंसूं लागतात, तेव्हां माझ्यासारख्या खेडवळास एक शंका येते. हे हंसतात तें कोणास?

आपल्याकडे पान वाढतांना डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात. चटणीवांचून जेवणास चव नाहीं, हें खरें. पण चटणीनें कोणाचें पोट भरत नाहीं, आणि ती तिखट लागली म्हणून पंगत सोडून कोणी उठत नाहीं. पाणी प्याला कीं झालें. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, काळ्या माणसानें रक्त आटवून लिहिलेला उपहास या मेजवान्यांत पानाच्या डाव्या बाजूस वाढला जातो. जेवणारा बोटानें चाटतो, "वा! काय झणझणीत!" म्हणतो आणि पुढच्या पदार्थाकडे वळतो.

हा उपहास मुळांत कसा असतो, तें आधीं पाहूं. सन १९३१ सालीं जॉर्ज स्कायलर या काळ्या पत्रकारानें ‘ब्लॅक नो मोअर’ नांवाची कादंबरी लिहिली. तींत एक काळा डॉक्टर असें यंत्र काढतो कीं, पन्नास डॉलर द्यावे आणि तीन दिवसांत काळ्याचें गोरें होऊन बाहेर पडावें. मॅक्स डिशर नांवाच्या काळ्या तरुणास एका गोऱ्या मुलीनें "तुझ्याबरोबर नाचत नाहीं" म्हणून झिडकारलेलें असतें. तो गोरा होऊन दक्षिणेंत जातो, मानववंशशास्त्राचा पंडित म्हणून मिरवतो, काळ्यांचा द्वेष करणाऱ्या एका मंडळींत शिरतो, आणि त्या मंडळीच्या म्होरक्याचा जांवई होतो! मुलगी कोण? जिनें झिडकारलें तीच. पुढें गिरणींतले गोरे मजूर मजुरीसाठीं संप करूं पाहतात, तेव्हां हाच गृहस्थ मालकांकडून पैसे घेऊन कंडी पिकवितो कीं, संपाचा पुढारी मूळचा काळा आहे. झालें! मजूर संप विसरतात आणि एकमेकांच्या कातडीचा रंग तपासूं लागतात.

वाचकहो, ही नुसती थट्टा आहे काय? रंगाचा भेद कोणाच्या तिजोरीची किल्ली आहे, हें त्या माणसानें दाखवून दिलें. काळे लोक गोरे होऊं लागतांच कोणाकोणाचा धंदा बसतो याची यादीच त्यानें दिली आहे. द्वेषाची वर्गणी गोळा करणारे गोरे बुडतात, केस सरळ करून देणारी काळी बाई बुडते, आणि काळ्यांच्या उद्धाराच्या नांवावर देणग्या घेणारे काळे पुढारीही बुडतात. शेवटीं असें निघतें कीं, यंत्रांतून निघालेले गोरे हे जन्माच्या गोऱ्यांपेक्षां अधिक पांढरे आहेत. मग काय, सावळें दिसण्यासाठीं साऱ्यांची धांवपळ! म्हणजे जें श्रेष्ठपण देवानें दिलें म्हणून सांगत होते, तें पन्नास डॉलरांचें निघालें.

या कादंबरींत डॉक्टर डु बॉइस यांच्यासारख्या थोर काळ्या विद्वानाचीही हुबेहूब नक्कल करून यथेच्छ टर उडविली आहे. डु बॉइस यांनीं काय केलें? रागावून अब्रूनुकसानीची फिर्याद केली काय? नाहीं. त्यांनीं आपल्या ‘क्रायसिस’ या मासिकांत त्या पुस्तकाची वाखाणणी केली. ज्याच्या वर्मीं बाण लागला त्यानेंच बाण उचलून "हा सरळ आहे" असें म्हटलें. मला हें फार मोठें वाटतें. मेजवानीचे पाहुणे हंसतात तें मात्र या प्रकारचें हंसणें नव्हे. त्यांस बाण लागतच नाहीं. तो शेजारच्याला लागला, अशी प्रत्येकाची खात्री असते.

याचा पुरावा पाहिजे असेल तर पर्सिव्हल एव्हरेट यांची २००१ सालची ‘इरेझर’ ही कादंबरी घ्यावी. तिचा नायक मंक हा काळा प्राध्यापक-लेखक. ग्रीक पुराणांवर कादंबऱ्या लिहितो. प्रकाशक म्हणतात, यांत काळ्यांचें जीवन कोठें आहे? दुकानदार त्याचीं पुस्तकें, आंत कांहींही असो, लेखकाचा रंग पाहून काळ्यांच्या फळीवर ठेवतो. घरीं आईस विस्मरणाचा रोग जडलेला, पैशाची नड. शेवटीं तो चिडून, खोटें नांव घेऊन, शिव्या, खून, बंदुका आणि मोडकी बोली यांनीं खच्चून भरलेलें एक विडंबन लिहितो. हेतु हा कीं, तुम्हांला हेंच पाहिजे ना? घ्या! आणि काय आश्चर्य! प्रकाशक त्यास विडंबन न समजतां सत्य समजतात, लक्षावधि रुपये होतील इतके डॉलर मोजतात, आणि त्याच पुस्तकास बक्षीस देण्याची वेळ येते तेव्हां परीक्षकांत खुद्द मंकच बसलेला असतो.

या कादंबरीवरून २०२३ सालीं कॉर्ड जेफरसन यांनीं ‘अमेरिकन फिक्शन’ हा चित्रपट काढला. त्याच्या पटकथेस २०२४ सालीं ऑस्कर मिळालें. त्यांत परीक्षक पांच. दोन काळे, तीन गोरे. दोघे काळे म्हणतात, हें पुस्तक बक्षिसास लायक नाहीं. तिघे गोरे म्हणतात, आहे. कारण आजच्या काळीं काळ्यांचें म्हणणें ऐकून घेणें किती अगत्याचें आहे! आणि ज्यांचें म्हणणें ऐकावयाचें ते दोन काळे समोर बसलेले असतांना, तीन विरुद्ध दोन मतांनीं, त्यांचें न ऐकतां, बक्षीस दिलें जातें. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, याहून निराळें काय असतें? हा प्रसंग पाहून चित्रपटगृहांतले सभ्य लोक पोट धरधरून हंसले असतील. पण त्या तिघांत मी बसलों आहें कीं काय, असें कितीजणांनीं घरीं जाऊन स्वतःस विचारलें असेल?

पॉल बीटी यांनीं ‘द सेलआउट’ ही कादंबरी २०१५ सालीं लिहिली. तींत एक काळा शेतकरी, नकाशावरून पुसून टाकलेल्या आपल्या वस्तीस पुन्हां ओळख मिळावी म्हणून, बसमध्यें व शाळेंत काळ्या-गोऱ्यांचा भेद स्वतःच सुरू करतो, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो. तिला २०१६ सालीं इंग्लंडांतील बुकर बक्षीस मिळालें. तें मिळविणारा हा पहिलाच अमेरिकन. परीक्षणें लिहिणारांनीं "विनोदी! विनोदी!" म्हणून एकच गजर केला. तेव्हां बीटींनीं सांगितलें कीं, सारेजण हिला विनोदी म्हणतात याचा मला अचंबा वाटतो. विनोदाच्या आड लपलें म्हणजे बाकीच्या गोष्टी बोलाव्या लागत नाहींत. पाहा! स्वयंपाक करणारा स्वतः सांगत आहे कीं, बाबांनो, हें लोणचें नव्हे, ही भाकर आहे. तरी जेवणारे ऐकत नाहींत.

आतां थोडें माझें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं साहित्याचा समारंभ होता, व मध्यंतरीं पाहुण्यांस जेवण होतें. जेवणापूर्वीं "कांहीं गमतीचें, खेड्यांतलें" सांगावें म्हणून मला उभें केलें. मीं गोष्ट सांगितली ती गांवांत येऊन भोळ्या माणसांचे फोटो काढणाऱ्या, त्यांच्या भाकरीचें कौतुक करणाऱ्या आणि पाणी मात्र स्वतःच्या बाटलींतलें पिणाऱ्या शहरी शहाण्यांची. मला वाटलें, समोरचे वरमतील. कशाचे वरमतात! माझ्या बोलींतला एकेक शब्द उच्चारतांच हंशा पिकला. एका गृहस्थांनीं पाठ थोपटून म्हटलें, "किती अस्सल!" मीही फुगलों, मानधनाचें पाकीट खिशांत घातलें. मागल्या बाजूस माझ्याच शाळेंतल्या एका पोराची आई ताटें विसळीत होती. ती म्हणाली, "गुरुजी, गोष्ट तर त्यांचीच हुती. मंग ती हंसली कुनाला? आपल्या बोलन्याला?" संपादकसाहेब, त्या बाईचा प्रश्न आणि एव्हरेट यांची तीनशें पानांची कादंबरी यांत मला तिळमात्र अंतर दिसत नाहीं. तें पाकीट मीं परत केलें नाहीं, हेंही येथें कबूल करतों.

या ठिकाणीं दोन प्रकारचे लोक आक्षेप घेतील. त्यांस उत्तर देणें भाग आहे.

पहिला म्हणेल, "मास्तर, उपहास हा सर्वांवर सारखा पाहिजे. काळ्यांवरही हंसा, गोऱ्यांवरही हंसा, म्हणजे समता झाली." वा रे समता! उभ्या असलेल्यास धक्का दिला तर तो एक पाऊल मागें सरतो. खड्ड्याच्या कांठावर असलेल्यास तोच धक्का दिला तर तो खालीं जातो. धक्का सारखाच, पण जमीन सारखी नाहीं. स्कायलर यांनींही सर्वांवर सारखा आसूड चालविला, आणि ती कादंबरी आजही ताठ उभी आहे. कारण पैसा कोणाच्या खिशांत जातो याकडे तिची नजर पक्की आहे. परंतु पुढें ती नजर ढळली. ज्या १९६४ सालीं डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग यांस नोबेल बक्षीस मिळालें, त्या वेळीं त्या बक्षिसाविरुद्ध लेखणी उचलणारांत हेच स्कायलर होते. साऱ्यांसच हंसण्याची संवय जडली म्हणजे खड्डा कोठें आहे तें दिसेनासें होतें.

दुसरा म्हणेल, "असल्या दुःखाच्या गोष्टींत हंसूं कसलें? हा विषय गंभीरपणेंच मांडावा." या गृहस्थाचा हेतु चांगला असेल, पण तो खऱ्या दुःखितांत कधीं बसलेला नाहीं. सन १९५५ सालीं मिसिसिपी संस्थानांत एमेट टिल नांवाच्या चौदा वर्षांच्या काळ्या पोरास, गोऱ्या बाईशीं अतिप्रसंग केला असें म्हणून, हालहाल करून मारलें. साऱ्या गोऱ्या पंचांनीं आरोपींस निर्दोष सोडलें. आणि सुटल्यावर त्यांनींच १९५६ सालीं एका नियतकालिकांत पैसे घेऊन खुनाची कबुली दिली! असा जमावानें किंवा कट करून केलेला खून हा सबंध देशाच्या कायद्यानें द्वेषाचा गुन्हा ठरावा, यासाठीं टिलच्याच नांवाचा कायदा झाला तो २०२२ सालीं, म्हणजे सदुसष्ट वर्षांनीं. त्या पोराच्या खुनाच्या आठवणीवर एव्हरेट यांनीं २०२१ सालीं ‘द ट्रीज’ ही कादंबरी लिहिली. ती वाचतांना हंसूं येतें आणि तें घशांतच अडकतें. आतां मला सांगा, हास्यास्पद कोण? उपहास करणारा लेखक, कीं सदुसष्ट वर्षें कायदा न करणारी ती पंचाईत? जेथें न्यायासनच सोंग करतें, तेथें सोंगास सोंग म्हणणें हाच गंभीरपणा होय.

उपहास करणारास आधीं स्वतःचें तोंड आरशांत पाहावें लागतें, याचें एक उदाहरण आपल्या मुंबईचें आहे. मार्क ट्वेन हा अमेरिकेचा प्रसिद्ध विनोदी लेखक १८९६ सालीं मुंबईस आला होता. तेथें हॉटेलांत एका जर्मन माणसानें आपल्या देखत एका हिंदी नोकराच्या थोबाडींत मारली आणि तो नोकर मुकाट्यानें कामास लागला, हें त्यानें आपल्या १८९७ सालच्या प्रवासवर्णनांत नमूद केलें आहे. तें पाहून त्यास आपलें बाळपण आठवलें. त्याच्या घरीं गुलाम होते, आणि गुलामास मारणें ही तेथें रोजची रीत होती. या माणसानें दोन वर्षें आधीं, १८९४ सालीं, ‘पुडनहेड विल्सन’ ही कादंबरी लिहिली होती. सोळावा हिस्सा काळी म्हणून गुलाम ठरलेली एक आई आपलें गोरेंपान पोर मालकाच्या पाळण्यांत व मालकाचें पोर आपल्या पाळण्यांत ठेवते, आणि वीस वर्षें कोणास पत्ता लागत नाहीं! खरें उघडकीस आल्यावर खऱ्या वारसास इस्टेट मिळते, परंतु त्यास लिहितां-वाचतां येत नाहीं, बोलणें गुलामाचें, आणि गोऱ्यांच्या दिवाणखान्यांत त्यास बसवत नाहीं. रक्त श्रेष्ठ म्हणणारांस याहून चोख उत्तर कोणतें द्यावें? शाळा ज्यास नाकारली तो गोरा असला तरी गुलाम होतो, हें ट्वेन सांगून गेला.

याच ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ या पुस्तकांतील जिम नांवाच्या गुलामाची गोष्ट एव्हरेट यांनीं त्याच्याच तोंडून ‘जेम्स’ या कादंबरींत सांगितली. तिला २०२४ सालीं नॅशनल बुक अवॉर्ड व २०२५ सालीं पुलित्झर बक्षीस मिळालें. त्यांत जिम रात्रीं काळ्या पोरांची शाळा भरवितो. विषय कोणता? अशुद्ध कसें बोलावें! घरांत हे लोक स्वच्छ, व्याकरणशुद्ध बोलतात. गोरा दिसतांच मोडकेंतोडकें बोलतात, कारण आपण यांच्याहून शहाणे आहोंत असें गोऱ्यांस वाटलें नाहीं तर मार बसतो. मी मास्तर असल्यामुळें हा धडा दोनदां वाचला. मीही वीस वर्षें पोरांचे ‘हुतं’ खोडून ‘होतें’ लिहीत आलों. पोरें शाळेंत एक बोलतात व घरीं एक. कोणती बोली कोणासमोर लपवावयाची हें तीं पहिल्याच वर्षीं शिकतात, आणि तो धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकांत छापलेला नसतो.

अमेरिकेचा व आपला संबंध काय, असें कोणी म्हणूं नये. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ छापली, ती अमेरिकेंतील गुलामांस दास्यांतून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केली. तेथें कायद्यानें गुलामगिरी मोडून तेव्हां जेमतेम आठ वर्षें झालीं होतीं. त्या पुस्तकांत जोतीराव व धोंडीबा बोलत बसले आहेत, आणि बोलतां बोलतां अवतारांच्या कथांची अशी साल काढतात कीं, वाचणारा हंसतो आणि लगेच चमकतो. त्या उपहासाबद्दल कोणीं मेजवानी दिली नाहीं. ज्यांस तो लागला ते चिडले, ज्यांसाठीं होता ते जागे झाले. दोहोंपैकीं कांहींच झालें नाहीं आणि नुसत्या टाळ्या पडल्या, तर उपहास फुकट गेला असें समजावें.

तेव्हां भोजनें बंद करा असें मी म्हणत नाहीं. कादंबरीकारानेंही तेथें अवश्य जावें, मान घ्यावा, पैसाही घ्यावा. उपाशी राहून उपहास करावा, असा कोठें नेम नाहीं. परंतु भाषण संपल्यावर त्यानें यजमानांस तीन गोष्टी विचाराव्या. आजच्या गोष्टींत तुम्ही कोण होतां? या टेबलाभोंवतीं बसलेले किती कोणत्या रंगाचे, आणि वाढणारे किती कोणत्या रंगाचे? आणि माझें पुस्तक तुमच्या दुकानांत कोणत्या फळीवर ठेवलें आहे, तें आंतल्या मजकुरावरून कीं माझें तोंड पाहून? या प्रश्नांवर जो हंसेल त्यानें पुस्तक वाचलेलें नाहीं. जो क्षणभर घास हातांत धरून थांबेल, त्यानें वाचलें आहे असें समजावें.

आणि आपल्या लोकांसही माझें एक मागणें आहे. दुसऱ्या देशांतल्या रंगभेदावरचीं हीं पुस्तकें वाचून "काय हे गोरे!" म्हणून आपणही हंसूं. हंसावें, पण हंसून झाल्यावर आपल्या दारांत कोण उभा आहे तेंही पाहावें. त्या ताटें विसळणाऱ्या बाईस मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. आज या पत्रांतून देतों: होय बाई, ते आपल्या बोलण्यासच हंसले, आणि मीं त्यांस हंसूं दिलें. पुन्हां तसें होणार नाहीं.



आपला,
एक खेडवळ शाळामास्तर